सगळे आपलेच

सॅम्या,

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी ठरवलं होतं, तुला एकट्याला गाठून सांगायचं. मग स्वतःची समजूत घातली, की तुला सगळं माहीतच आहे, सांगण्यासारखं उरलंय काय. मागच्या महिन्यात तू गेलास. आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तुझ्या शोकसभेला बसलो तेव्हा लक्षात आलं, की तुला माहीत होतं, पण दुसऱ्या कोणालाच नाही. त्यांना तू जे सांगितलंस ते खोटं होतं, आणि ते तू माझ्यासाठी बोलला होतास.

सभा तुला आवडली असती. हसायला भरपूर होतं. कोणीतरी तुझ्या फोटोला झेंडूचा हार घातला होता आणि समोर उदबत्ती लावली होती. तुझी लेक एस्थर इस्राएलहून आली होती, ती त्या उदबत्तीकडे बघत राहिली. मग चौथ्या मजल्यावरचे बोकील उठले. त्यांचा आवाज तुला ठाऊक आहे. "मुंबईच्या हल्ल्यानंतर पोलीस स्वतः बंदोबस्त द्यायला आले होते. पण सॅमसनराव म्हणाले, नको! माझे शेजारी हाच माझा बंदोबस्त!" एकदोघांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा आहे हे आठवून थांबले. बोकिलांनी माझ्याकडे हात केला. "काय श्रीधरपंत? आपण तर साक्षीदार आहात."

मी मान हलवली.

तुझ्या फोटोसमोर हलवली. घरी येऊन जेवलो नाही. मालती म्हणाली, "मित्र गेलाय, होतं असं." तिलाही माहीत नाही.

*

आपली रास्ता पेठेतली गल्ली आता दाखवायला गेलं तर दाखवता येत नाही. तरी डोळे मिटले की सगळी दारं जागच्या जागी असतात. शुक्रवारी दुपारनंतर तुमच्या घरांमधून नारळाच्या रसातल्या माशांचा वास यायचा. माझी आई खिडकी लावून घ्यायची आणि मी हळूच उघडायचो. तुमच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनेच्या जागेला, 'मशीद' म्हणायची. "मशिदीत जाऊन येतो गं," असं सांगून तुझे वडील पांढरी टोपी घालून निघाले, की गल्लीत नव्याने राहायला आलेले लोक बुचकळ्यात पडायचे. घरात मंगळसूत्र घातलेली बायको, आडनाव चौलकर, आणि हे निघाले मशिदीत. कोकणातून आणलेला शब्द होता, तो बदलायचं तुमच्यापैकी कोणाला सुचलं नाही आणि बदला असं आमच्यापैकी कोणी म्हटलं नाही. एवढा गोंधळ त्या गल्लीत सहज मावायचा.

तुझं नाव सॅमसन आणि तू असा काटकुळा, की सायकलच्या दांडीवर बसलास तरी मला वजन लागायचं नाही. टेलिफोन खात्यात लागलास त्या दिवशीचा किस्सा तू किमान शंभरदा सांगितला असशील. साहेबांनी विचारलं, "चौलकर म्हणजे कोणत्यातले?"

"शनिवारातले."

साहेब स्वतः शनिवार पेठेतले. खूश झाले. "अरे वा! शनिवारात कुठे?"

"घरीच. शनिवारी आम्ही कुठे जात नाही."

मग तू त्यांना समजावलंस, की तुमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. साहेबांना तोपर्यंत राग आला होता. पण पुढे तेच साहेब शनिवारी तुझ्या जागेवर स्वतः बसायचे, हेही तू सांगायचास. ते सांगताना तुझा आवाज बदलायचा.

आणि दारफळणी. कोणी वाचत असेल तर त्यांना सांगतो. ज्यूंचा वर्षातला सगळ्यात मोठा उपासाचा दिवस, पापांची क्षमा मागायचा. त्याला तुमच्या मराठीत दारफळणीचा सण म्हणतात, म्हणजे दारं लावून घ्यायचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे, पाणीसुद्धा नाही, परक्याला शिवायचं नाही, आणि घराचं दार कोणालाही उघडायचं नाही. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी सगळी दारं उघडी, सगळ्यांचं सगळ्यांकडे जाणं-येणं. आपण सात-आठ वर्षांचे असताना तुला गालगुंड झालं होतं. घरचे सगळे पहाटे मशिदीत गेले, तू तुझ्या आत्याबरोबर घरी. मी भोवरा घेऊन आलो आणि दार वाजवत बसलो. आतून तुझा खोकला ऐकू येत होता. मी हाका मारल्या, लाथ मारली, शेवटी रडत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी गाल सुजलेला तू पुऱ्यांची वाटी घेऊन आमच्या दारात. म्हणालास, "शिऱ्या, मी दाराला पाठ लावूनच बसलो होतो. तू गेल्यावर उठलो."

ते वाक्य मी तेव्हा विसरलो. आता विसरता येत नाही.

*

मोठेपणी त्या सणाच्या आदल्या दिवशी तू न चुकता घरी यायचास. दारात उभा राहून म्हणायचास, "वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ कर." मी पेपरातून मान वर न काढता म्हणायचो, "केलं, केलं. बस, चहा घे." एकदा मी तुला विचारलं, हे देवाकडे मागायचं सोडून माझ्याकडे काय मागतोस?

"देवाचा अपराध देव माफ करतो. माणसाचा अपराध देवाला माफ करता येत नाही. अधिकारच नाही त्याला. तो त्या माणसाकडेच जाऊन मागावा लागतो."

"आणि तो माणूस मेला असेल तर?"

"तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणायचं, मी याचा अपराध केला. म्हणून सांगतो, जिवंतपणीच उरकावं. एकट्यात भागतं. आता आमच्यात दहा जण जमवायचे म्हणजे तीच मोठी शिक्षा."

ते दहा जण. तुमच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आपल्या लहानपणी बाकांवर जागा मिळायची नाही, आणि नव्वदीनंतर तू शुक्रवारी संध्याकाळी कोपऱ्यावर उभा राहून माणसं मोजायचास. एकेक घर इस्राएलला निघून गेलं होतं. मी बँकेतून येत असायचो. "शिऱ्या, टोपी घाल आणि ये."

"मी चालतो?"

"चालत नाहीस. पण नऊ जणांना जरा बरं वाटेल."

"हा अन्याय आहे," मी म्हणालो होतो. "तू आमच्यात धरला जातोस, गणपतीच्या वर्गणीला पोरं पहिली तुझ्याकडे येतात. आणि मी तुमच्यात नाही?"

"वर्गणीत सगळेच धरले जातात," तू म्हणालास. मग माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "तो देवाचा नियम आहे रे, मी काय करू? मी मोजायला बसलो तर तू आपलाच आहेस."

आपलाच. हा शब्द तू वापरलास, सॅम्या. नंतर तोच मी वापरला.

*

जुनी घरं पाडून बिल्डिंग झाली तेव्हा आपण हट्टाने समोरासमोर फ्लॅट घेतले. तुझ्या चौकटीवर बोटाएवढी पितळी मेझुझा होती. आत तुमच्या धर्मग्रंथातला मजकूर असतो, येता-जाता तिला हात लावायचा. मीही लावायचो, लहानपणापासूनची सवय. तू म्हणायचास, "लावून ठेव. कुठली लाइन लागेल सांगता येत नाही." तुझं टेलिफोन खातं संपत आलं होतं, लोकांच्या खिशात मोबाइल आले होते, आणि तुझे विनोद मात्र अजून एक्स्चेंजमध्येच होते.

त्या वर्षांत गल्लीतून दोन प्रकारची माणसं जात होती. तुमची इस्राएलला, आणि आमची कोथरूडला, बाणेरला. आमची मुलं तर हिंजवडीच्या बसमध्ये चढली ती पार अमेरिकेत उतरली. पण "काय मग, कधी निघणार?" हे फक्त तुला विचारलं जायचं. वाण्याच्या दुकानात, बँकेत, आमच्या मंदारच्या लग्नात. वाईट हेतूने कोणी विचारायचं नाही. तू ठरलेलं उत्तर द्यायचास: "तिकडे शनिवारी सगळेच घरी असतात. मग मला कोण विचारणार?"

मग मुंबईवर तो हल्ला झाला. तिन्ही दिवस तू आणि फ्लोरावहिनी आमच्याच टीव्हीसमोर होतात. वहिनींना घरी एकटीने बघवत नव्हतं. स्टेशन, हॉटेलं, आणि मग ते ज्यूंचं घर. ती माणसं तुमच्या ओळखीची नव्हती, तुमच्या भाषेची नव्हती. पण त्यांना शोधून गाठलं होतं, ते कोण आहेत एवढ्यासाठीच. वहिनींनी मला विचारलं, "भावजी, पुण्यात नाही ना येणार कोणी?"

"आम्ही आहोत ना," मी म्हणालो. हे मी खरोखर म्हणालो होतो, आणि म्हणताना माझा विश्वास होता.

आठवडाभरात सिनेगॉगसमोर पोलीस आले. बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली, की घरांनाही माणूस देणार आहेत. बोकिलांनी गच्चीवर सगळ्यांना बोलावलं. तुला सोडून. "त्यांना उगाच वाईट वाटायला नको." अध्यक्ष मी होतो. बोकील म्हणाले, "माणुसकी म्हणून आपण त्यांच्या पाठीशी आहोतच. पण गेटवर बंदूकवाला बसला, की बोर्ड लावल्यासारखंच झालं, इथे आहेत म्हणून. आणि मग त्यांच्यामुळे आपल्याला." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही काही ठरवलं नाही. "बघू," म्हणालो. पुण्यात 'बघू' म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

पण त्या गच्चीवर कोणालाही माहीत नसलेली एक गोष्ट माझ्या पोटात होती. तुलाही माहीत नव्हती. मंदारने कोथरूडला मोठी जागा बघितली होती, आम्ही तिकडे जायचं ठरत होतं, आणि येत्या रविवारी आमचा फ्लॅट बघायला माणसं यायची होती. तुला सांगायचं मी उद्यावर ढकलत होतो. ज्याला सगळे 'कधी निघणार' विचारायचे तो राहिला होता आणि मी निघालो होतो, हे तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने सांगणार?

पोलीस शुक्रवारी सकाळी आले. एक फौजदार जीपमध्ये बसून होता, तरुण हवालदार आत आला. मी खाली पाण्याच्या टाकीपाशी होतो.

"काका, सोसायटीचं कोण बघतं?"

"मी अध्यक्ष."

"ऑर्डर आहे, ज्यू लोकांच्या घरांना माणूस द्यायचाय. तुमच्यात कोणी आहे का?" तो बोलता बोलता नावांचा बोर्ड वाचत होता. "हे चौलकर?"

"ते कोकणातले," मी म्हणालो.

खरं होतं ते. तुझं आडनाव मला इतकं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

"म्हणजे ज्यू कोणी नाही?"

"नाही हो. इथे सगळे आपलेच आहेत."

"बरं झालं. माणसं कमीच पडतायत आम्हाला."

मी वळलो तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तू. हातात ब्रेड आणायची रिकामी पिशवी. वहिनींनी वरून जीप बघितली असणार आणि तुला पाठवलं असणार, आपल्यासाठीच आलेत, जा, घर दाखव म्हणून. तू बोलायला तोंड उघडलं होतंस, ते तसंच होतं. हवालदार तुला म्हणाला, "नमस्कार काका." तू म्हणालास, "नमस्कार." मग तू आमच्या दोघांच्या मधून गेटबाहेर गेलास.

दुपारी मी ब्रेड आलेला पाहिला, तुमच्या दाराच्या कडीला पिशवी लटकत होती. म्हणजे तू परत आलास आणि लगेच पुन्हा बाहेर पडलास. कुठे गेला होतास, कोणास ठाऊक. मी विचारलं नाही.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगितलं, की ते मी तुझ्या भल्यासाठी बोललो. बोर्ड लागायला नको, कोणाच्या नजरेत यायला नको. बोकिलांचीच वाक्यं मी माझी करून घेतली. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तू नव्हतास. रविवारची माणसं होती, आणि गेटवर बंदूकवाला बघून ती काय म्हणतील ते होतं. हे एवढंच होतं. एवढं लहान होतं म्हणूनच सांगवत नव्हतं.

आणखी एक सांगतो. मला तुझा रागही यायचा. तू तिथेच होतास. म्हणायचं होतंस, मी ज्यू आहे, माझं घर दुसऱ्या मजल्यावर. मला खोटं पाडायचं होतंस. मग मी ओशाळलो असतो, तू चार शिव्या घातल्या असत्यास आणि संध्याकाळी चहा झाला असता. तू मला ती वाट ठेवली नाहीस. मला वाचवलंस आणि सोडून दिलंस. रात्री झोप लागली नाही, की मी तुझ्यावरच चिडायचो, फसवल्यासारखं मला वाटायचं. मलाच. बघ.

*

त्या संध्याकाळी दार वाजलं. तू होतास.

"अध्यक्षसाहेब, टाकीची किल्ली आपल्याकडे आहे का?"

मला वाटलं, थट्टा करतोयस. मी म्हणालो, "काय रे, आज एकदम साहेब?"

"नाही, वरच्या जोशीबाई विचारत होत्या. आपल्याला सवड असेल तेव्हा द्या."

त्यानंतर तू मला परत कधी 'तू' म्हणाला नाहीस. शिऱ्या नाहीच. लोकांना वाटलं, वय झालं, पोक्तपणा आला. मालती तर म्हणाली, "सॅमसनभावजी किती छान बोलायला लागलेत!" आपल्या भाषेत हा एकच शब्द असा आहे, सॅम्या. 'आपण' म्हणजे मी आणि तू मिळून. आणि 'आपण' म्हणजे समोरचा परका, ज्याला मान देऊन लांब ठेवायचा. पन्नास वर्षं आपण पहिल्या 'आपण'मध्ये राहिलो. मी पोलिसाला 'आपलेच' म्हणालो, आणि तू न भांडता, आवाज न चढवता दुसऱ्या 'आपण'मध्ये राहायला गेलास. पेठेत जन्मलेल्या माणसालाच जमेल अशी शिक्षा होती ती. कोणाला दिसलीसुद्धा नाही.

वहिनींनी पोलिसांचं विचारलं तेव्हा तू त्यांना सांगितलंस, मीच नको म्हणालो. सिनेगॉगच्या मंडळींनाही तेच सांगितलंस, आणि बोकिलांपर्यंत तेच पोचलं. माझे शेजारी हाच माझा बंदोबस्त, हे मात्र तू कधीच म्हणाला नसणार. ती बोकिलांची भर. वहिनी तुझ्यावर चिडल्या. दाराला आतून खुर्ची लावून झोपायच्या. पुढच्या उन्हाळ्यात एस्थरकडे थोडे दिवस म्हणून गेल्या त्या तिकडेच राहिल्या. तू जाऊन आलास, पण राहिला नाहीस. एकटा परत आलास, त्याच दारात.

गेटवर एक माणूस बसला असता तर त्या राहिल्या असत्या का, हे मला माहीत नाही. कदाचित तरीही गेल्या असत्या. पण त्यांनी जन्मभर तुला हट्टी म्हटलं, आणि हट्ट तुझा नव्हता. ज्या बाईला मी 'आम्ही आहोत ना' म्हणालो होतो, तिच्यासमोर तू माझा शब्द राखलास, स्वतःच्या अंगावर घेऊन.

आमचं सामान हलवायच्या दिवशी तू मदतीला आलास. न बोलावता. देव्हारा हमालांच्या हाती देऊ नका म्हणालास आणि स्वतः दोन जिने उतरवून टेम्पोत ठेवलास. "आपलं हे जपून न्या," म्हणालास. मी तुझ्या मेझुझेला हात लावायला गेलो आणि तुझ्या डोळ्यांकडे बघून हात खाली घेतला.

*

कोथरूडला पहिल्याच वर्षी दारफळणीच्या आदल्या दुपारी बेल वाजली. दोन बस बदलून आला होतास. पायपुसण्यावर उभा राहिलास, आत आला नाहीस.

"वर्षभरात माझ्याकडून आपलं काही चुकलं असेल, तर क्षमा असावी."

तू. माझ्याकडे. माफी मागायला.

आणि बोलून झाल्यावर तू थांबलास. दरवर्षी थांबायचा नाहीस, सरळ आत येऊन बसायचास. त्या दिवशी थांबलास. लिफ्ट एकदा वर जाऊन परत खाली आली, एवढा वेळ. मला कळत होतं, तू का थांबलायस. तू दार उघडून धरलं होतंस. मला फक्त चार शब्द उच्चारायचे होते.

"अहो, काय हे," मी म्हणालो. "बसा ना. चहा घ्या."

मीही तुला 'अहो' म्हणालो.

"नको," तू म्हणालास. "सूर्य बुडायच्या आत घरी पोचायला हवं."

पुढच्या वर्षी तू आला नाहीस. मग मी ठरवलं, आपणच जायचं. वर्षभर वाक्य जुळवत होतो. दिवस मात्र नेमका तोच निवडला, क्षमेचा दिवस म्हणून. एवढी वर्षं तुमच्यात काढून माझ्या लक्षात आलं नाही, की मागायचं ते आदल्या दिवशी. त्या दिवशी दार उघडत नाही. रास्ता पेठेत पोचलो, जिना चढलो, बेल वाजवली. तुझे गुडघे गेले होते, तू सिनेगॉगला गेला नव्हतास. आतून खोकल्याचा आवाज आला. दाराच्या अगदी जवळून. मी कपाळ दाराला टेकवलं. वाक्य तोंडात होतं. दारातून म्हटलं असतं तरी तू ऐकलं असतंस. पण समोरच्या, म्हणजे माझ्याच जुन्या फ्लॅटचं दार उघडलं, आणि तिथल्या मुलीने विचारलं, "अंकल, एनी प्रॉब्लेम?" मी म्हणालो, "काही नाही, चुकून आलो."

दुसऱ्या दिवशी शिळा सण होता. सगळी दारं उघडी. तुझंही असणार. मी कोथरूडला बसून टीव्ही बघितला.

त्यानंतर तू तीन वर्षं होतास. त्या तीन वर्षांचं माझ्याकडे काही कारण नाही.

*

तुला मातीत ठेवायच्या आधी तुमची माणसं थांबली. नऊ जण होते. दहावा कॅम्पातून येत होता, रिक्षा कुठेतरी अडकली होती. मी टोपी घालून कडेला उभा होतो. एस्थरने एकदा माझ्याकडे पाहिलं. तुझ्यासारखीच नजर आहे तिची. मला वाटलं, आत्ता तू म्हणशील, चालत नाहीस, पण नऊ जणांना जरा बरं वाटेल. दहावा आला. प्रार्थना झाली. मी मूठभर माती टाकली आणि तिथेही गप्प राहिलो. नऊ अधिक एक, दहा जण माझ्यासमोर उभे होते, तुझी कबर उघडी होती. तू सांगितलेलं सगळं जमून आलं होतं. मी घरी आलो.

आता परत त्या दहा जणांना कुठल्या तोंडाने जमवू? म्हणून हे लिहितोय. छापून आलं तर कोणी ना कोणी वाचेल. बोकील वाचतील, मालती वाचेल, एस्थरला मी पाठवीन, ती वहिनींना वाचून दाखवेल. अजून सहा अनोळखी मिळतील. मला माहीत आहे, हे नियमात बसत नाही. माणसं तुमचीच लागतात, उभी तुझ्या कबरीपाशी लागतात. पण एकदा तूही देवाचा नियम बाजूला ठेवून मला मोजलं होतंस. त्या आधारावर मी हे वाचणारे पहिले दहा जण धरतो. मी त्यांत नाही.

तर त्यांच्यासमोर, मोठ्यानं:

सॅमसन चौलकर ज्यू होता. तो दुसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहत होता. त्याने पोलिसांना नको म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं. मी याचा अपराध केला.

सॅम्या, माझं चुकलं. माफ कर.